चुन्याखालची सुकरी

६ फेब्रुवारी

विमा एजंटानं दिलेली ही २०२४ ची डायरी महिनाभर दुकानाच्या काउंटरवर धूळ खात पडली होती. आज आफ्रीन म्हणाली, "दिवसभर मनात घोळवत बसता ते हिच्यात लिहा, माझं डोकं नका खाऊ." बायकोचा सल्ला एकदा तरी मानून बघावा, म्हणून लिहितोय. घरात आमची हिंदी चालते, पण मी मराठी शाळेत शिकलो. पेन हातात आलं की मराठीच उतरते.

घोळवण्यासारखं झालंय ते असं. दिव्यानी मॅडम म्हणून नागपूरची एक आर्किटेक्ट दुकानात आली. चंद्रपूरबाहेर, ऊर्जानगरच्या पुढं, मोहर्लीच्या रस्त्याला बंद पडलेला माचिस कारखाना आहे, तिथं वाघ बघायला येणाऱ्यांसाठी हॉटेल होतंय. इमारत आहे तशी ठेवणार. रस्त्याकडच्या भिंतीवर जुनी जाहिरात आहे, 'तारका माचिस' अशी अक्षरं आणि शेजारी एका मुलीचा चेहरा. दोन्ही पार पुसट झालंय. ते पुन्हा रंगवून हवं, आणि फ्लेक्स नको, हातानं. "ती ज्यांनी रंगवली ते नूर पेंटर तुमचे वडील ना?" तिनं विचारलं.

मी तोंडातला चहा गिळायच्या आत हो म्हणून बसलो. किती वर्षं झाली, मी नुसते फ्लेक्स छापतोय. वाढदिवसाला ज्याचा फोटो छापला, त्याचाच पुढं श्रद्धांजलीला छापायचा, फक्त मजकूर बदलायचा. अब्बांनी मला कधी परांचीवर चढू दिलं नाही. "कॉम्प्युटर शिक," म्हणाले. त्यांच्या मागं बसून अक्षरं मात्र मी गिरवली. एकदा तरी एक भिंत माझ्या हातची असावी, रस्त्यानं जाणाऱ्यानं मान वळवून बघावी, एवढीच इच्छा आहे. ती बेचाळिसाव्या वर्षी पूर्ण होत असेल तर होऊ द्यावी.

जेवताना अब्बांना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"ते काम नको घेऊ."

"काऊन?"

"नको म्हंतलं नं."

अम्मी ताटात डाळ वाढत होती. ती खाली बघूनच म्हणाली, "घेऊ द्या त्याले. तो नाई करन तं दुसरा कोनी करन." अब्बा हात धुवून उठले. मोतीबिंदूनं डोळे गेलेत, हात कापतात, आणि पोरगा त्यांचीच भिंत रंगवायला निघालाय. म्हातारपणी माणसाला असं लागतं मनाला. मी काम घेतलं.

९ फेब्रुवारी

भिंत पाहून आलो. वीज केंद्राची राख बसून बसून वरची बाजू काळी पडलीय. 'तारका'तला 'ता' आणि 'माचिस'मधला 'स' धड आहेत, बाकी अंदाजानं वाचायचं. मुलीचा चेहरा म्हणजे अर्धा डोळा, हनुवटी आणि कानातल्याचा एक पिवळा ठिपका. मधलं सगळं वाचणाऱ्यानं मनानं भरायचं.

चौकीदार लटारूभाऊ पूर्वी याच कारखान्यात कामाला होता. त्याची खाट फाटकाजवळ उन्हात होती, आणि भिंतीची गार सावली रिकामी. मी सावलीत डबा सोडला तर तो तिथूनच ओरडला, "तिथी नका बसू जी. ती पाह्यते."

मग त्यानं सगळं सांगितलं. ८१ साली मसाल्याच्या शेडला आग लागली, म्हणजे काड्यांची टोकं जिथं मसाल्यात बुचकळतात तिथं. तीन बाया गेल्या. त्यातली एक एटापल्लीकडची माडिया पोरगी, लाकडाच्या ट्रकांबरोबर कामाला आलेली. नाव सुकरी. भिंतीवरचा चेहरा तिचाच.

"तिच्या गावचे लोकं येऊन भिंतीसमोर बसाले लागले," लटारूभाऊ म्हणाला. "म्हून मालकानं चेहऱ्याले चुना माराले लावला. पानी आलं, पोट्टी वर. पुन्हा मारला, पुन्हा वर. तिसऱ्या खेपेले तं तोंड उघडून पाह्यत होती. कोनी म्हने ती आपला मुडदा मांगून राह्यली. लोकं काम सोडून पयाले लागले. दोन सालात कारखान्याले कुलूप."

मी हसलो. भुताखेतावर माझा विश्वास नाही, मी फ्लेक्सवाला आहे. पण डबा खाताना मी पाठ भिंतीला टेकवली नाही, हेही इथं लिहून ठेवतो.

१५ फेब्रुवारी

परांची बांधून झाली. राख झाडली, ओल्या फडक्यानं भिंत पुसायला घेतली. जिथं पाणी लागेल तिथं रंग वर येतो. गालाचा तांबूस, ओठांची कड, केसात खोचलेलं लाकडी फणीचं टोक. पोरगी पूर्ण दिसते आणि भिंत वाळेल तशी डोळ्यांदेखत परत जाते. जुन्या रंगाचं असंच असतं, पाण्यानं तेवढ्यापुरता चढतो, हे मला माहीत आहे. तरीही मी सकाळभर तेच करत राहिलो, पुसायचं आणि ती जाताना बघायचं.

तिचं तोंड थोडं उघडं आहे. काही तरी बोलता बोलता थांबलेली.

घरी सांगितलं तेव्हा अब्बांनी एवढंच विचारलं, "डावा डोळा आहे?"

"अर्धा आहे."

अम्मी भाजी चिरत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "अजून तशीच हाये का?" मी म्हटलं, तशीच कशी असेल, भिंतीचा पार पोपडा झालाय. ती म्हणाली, "हं," आणि भाजी चिरत राहिली. आमच्या घरात माझ्या कामाविषयी इतके प्रश्न पहिल्यांदाच विचारले गेले, त्यामुळं बरं वाटलं.

२४ फेब्रुवारी

आज भुताचा उलगडा झाला आणि मी परांचीवर एकटाच खो खो हसलो. लटारूभाऊ फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला.

गालावरचा थर खरवडून पाहिला. खाली ऑइल पेंट, अस्सल सफेद्यात कालवलेला, दगडासारखा. त्यावर कुठं कुठं चिकटून राहिलेले चुन्याचे तीन थर, आणि मध्ये कुठंही घासल्याची खूण नाही. ऑइल पेंटवर चुना धरत नाही, हे नवशिक्या पोऱ्यालाही कळतं. चुना मारायचा तर आधी खालचा रंग घासून, खरवडून काढावा लागतो. नुसता वरून मारला तर एका पावसात पोपडे धरून गळून पडतो. उलट तेवढे दिवस खालच्या रंगाला ऊन लागत नाही. म्हणजे मालक पोरीला जितक्या वेळा झाकत होता, तितकी ती टिकत होती.

"लटारूभाऊ, चुना कोनं मारला होता?"

"कोनं म्हंजे? तुमच्याच अब्बांनी. कारखान्याचे पेंटर तेच होते नं."

हसू तिथंच थांबलं. एवढे पक्के कारागीर आणि एवढी ढोबळ चूक, तीही तीन वेळा?

घरी येऊन थेट विचारलं. अब्बा अंगणात बसले होते, चेहरा उन्हाकडं करून.

"मालक म्हने चुना मार. मी मारला."

"खालचं घासलं काऊन नाई?"

"घासाले त्यानं सांगतलंच कुठी?"

चंद्रपूरभर चाळीस वर्षं ज्या भुताचा बोभाटा आहे, ते आमच्या घरातून निघालं. मालकाशी काही तरी भांडण असणार आणि अब्बांनी त्याची अशी जिरवली. नूर पेंटर बिलंदर माणूस. मला त्यांचा अभिमान वाटला.

३ मार्च

डावा डोळा पूर्ण झाला. असं काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं. रस्त्यावर एक जिप्सी थांबली आणि आतल्या लोकांनी फोटो काढले. मॅडमला फोटो पाठवला, तिनं टाळ्या वाजवणारे हात पाठवले.

फक्त एक गोष्ट. मी रंग लावत होतो तो माझ्या आठवणीतला कुठलाच डोळा नव्हता, तरी हात अडला नाही. कुठं किती पांढरं सोडायचं ते मला आधीच ठाऊक असल्यासारखं. घरी दाढी करताना आरशात बघवेना. दोन वेळा कापलं.

५ मार्च

आज फार वाईट झालं. नीट लिहितो.

दुपारी परांचीवर होतो. खाली एक म्हातारी बाई उभी होती, गुडघ्यापर्यंत लुगडं, कपाळावर गोंदण, बरोबर चाळिशीतला मुलगा. लटारूभाऊ त्यांना ओळखत असावा, त्यानं पाण्याचा लोटा दिला. म्हातारीनं वर पाहिलं आणि पाणी न पिता लोटा खाली ठेवला. मग दोन्ही हातांनी कपाळ बडवायला लागली. ओरडली नाही. नुसता हातांचा आवाज येत होता.

मी घाईनं उतरलो. मुलाचं नाव लालसू, आश्रमशाळेत शिपाई आहे. म्हातारी त्याची आई, बुधरीबाई. सुकरीची धाकटी बहीण.

"हे कोनं केलं?" तिनं मला विचारलं. तिची मराठी तुटक आहे.

मी केलं, म्हणून सांगितलं. मला वाटलं होतं, बहिणीचा चेहरा पाहून रडतेय.

लालसूनं समजावलं. "आमच्या इथी मेलेल्या मानसासाठी दगड उभा करते जी. मंग ते आपल्या बुढ्याखोड्यात जाते, घरचं होते. मावशीचा मुडदाच नाई देल्ला. गावचा पेरमा, म्हंजे आमचा पुजारी, त्यानं सांगतलं, ती त्या भितीत हाये. जोवर तिचं तोंड तिथी हाये, तोवर दगड कोनासाठी उभा करता? म्हून माय दर साली मोहफुलाच्या आंदी येते. किती राह्यली ते पाह्यते."

बुधरीबाई वर बोट करून म्हणाली, "मागच्या साली एवढीच होती." आणि तिनं अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवली. "जरासी. आता जाते म्हनलं. मी मराच्या आंदी जाते."

आणि मी तिला परत आणलं होतं. डोळा, भुवई, कान, सगळं ताजं, अस्सल ऑइल पेंटमध्ये, वर वॉर्निश मारायचा बेत.

ते दोघं संध्याकाळच्या गाडीनं गेले. जाताना बुधरीबाईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "उतरव तिले." 

८ मार्च

अब्बांना सांगितलेलं नाही. आफ्रीनला सांगितलं, ती म्हणाली, "मग काढून टाका." जणू काही मी बनियन काढतोय.

खरं सांगायचं तर मला राग आलाय. त्या म्हातारीचाच. आयुष्यात एक काम हाताला लागलं, आणि ते चांगलं झालं हाच गुन्हा. मी थोडंच तिला जाळलं? ती रडली म्हणून मी भिंत सोडायची का? असं मनात येतं, आणि लगेच तिचं ते जवळ आणलेलं बोट आणि अंगठा आठवतो. चाळीस वर्षं एक माणूस नुसतं पुसट होण्याची वाट बघत येतं आणि जातं.

आज अब्बांनी अचानक विचारलं, "बुधरी येऊन गेली का?"

मी चमकलो. "तुम्हाले तिचं नाव कसं मालूम?"

"दर साली येते ती. या दिवसात." मग म्हणाले, "पाय दुखते का तिचे अजून?"

कामगारांची इतकी बारीक आठवण ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. अम्मी उठून आत गेली.

१७ मार्च

रोजे सुरू झालेत. तोंडाला पाणी नाही, डोक्यावर ऊन, आणि मी तिच्या ओठांपाशी अडकलोय. मॅडमला हसरा चेहरा हवाय, "वेलकमिंग वाटलं पाहिजे" म्हणते. मी हसू काढतो आणि खाली उतरून बघतो तर ते हसू नसतं. ओठ पुन्हा तसेच, काही तरी विचारणारे. तीनदा पुसलं. परांचीवर चढलं की मानेमागं कुणी तरी उत्तराची वाट बघत थांबल्यासारखं वाटतं. तिचं तोंड समोर आहे, मग मानेमागं कोण?

काल अब्बा म्हणाले, मला तिथं ने. आज रिक्षानं नेलं. भिंतीशी गेल्यावर त्यांनी माझा हात सोडला. डोळ्यांना दिसत नाही, पण बरोब्बर तिच्या खाली जाऊन उभे राहिले आणि तळवा भिंतीला लावला. मग हळू आवाजात बोलायला लागले, मला कळेना काय ते. लटारूभाऊ कानाशी येऊन म्हणाला, "माडिया बोलून राह्यले."

अब्बांना माडिया येतं हे मला आज कळलं. कारखान्यात मजुरांकडून शिकले असतील.

मी विचारलं, "अब्बा, हिचं तोंड उघडं काऊन काढलं?"

"मी रंगवत होतो तवा बोलून राह्यली होती. खाली उभी राहून, काम सुटल्यावर. रोज."

"काय बोलायची?"

"विचारे. कधी, म्हने."

"काय कधी?"

अब्बांनी भिंतीवरून हात काढला. त्याला लागलेली राख कितीतरी वेळ चोळत राहिले. "रंग कधी वाळन," म्हणाले. "मी म्हनो, थंडीत. थंडीत वाळन. अन् उन्हाळ्यातच आग लागली."

ऑइल पेंटला वाळायला थंडीपर्यंत कशाला थांबायला हवं? पण त्यांचं वय झालंय, मी दुरुस्त केलं नाही. रिक्षात ते माझा हात धरून बसले, जे ते कधी करत नाहीत. थंडीवरून आठवलं, अम्मीशी त्यांचं लग्न त्याच सालच्या थंडीतलं आहे.

२९ मार्च

आज राहवलं नाही. अब्बांना बुधरीबाईचं सगळं सांगितलं, दगडाचं, पेरमाचं, 'उतरव तिले' म्हणाली तेही. अम्मी दारात उभी होती.

अब्बा बोलले ते एकही शब्द न गाळता लिहितो.

"मुडदा नाई देल्ला तिच्या लोकायले. कुठी नेला कोनाले मालूम. भितीवर होती तेवढीच राह्यली होती, अन् मालक म्हने तेही पुस. माझ्याच हातानं. मी म्हनलं, बरं. अन् वरून चुना मारला. मले वाटलं, राह्यली तं बरं. निदान भितीवर तरी राहो. ती अडकली असंल, तिले घरी जाचं असंल, हे मले काऊन नाई सुचलं रे?"

मी म्हटलं, तुमचा काय दोष, तुम्ही चांगल्या मनानं केलं.

"घास ते," ते म्हणाले.

मला तेव्हाही माझंच पडलं होतं. लाज वाटते, पण मी भांडलो. म्हटलं, माझं आयुष्यातलं पहिलं खरं काम आहे, तुम्ही मला कधी ब्रश दिला नाही, आता घेतला तर घास म्हणता.

"चांगलं केलं तू," अब्बा म्हणाले. "हातानं चाचपलं मी. डोळा माझ्यापेक्षा चांगला केला. म्हूनच घास. माझं असतं तं चाळीस सालात गेलं असतं. तुझं तं जानारच नाई."

त्यांच्या तोंडून माझ्या कामाचं कौतुक मी पहिल्यांदा ऐकलं. यावर काय भांडणार?

१ एप्रिल

मॅडमला सांगितलं. तिला वाटलं एक एप्रिलची गंमत करतोय. मग चिडली, मग म्हणाली, हा वारसा आहे, जपायला हवा, लोक याच चेहऱ्यासाठी थांबतात. मी बुधरीबाईचं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "वरच्या लोकांना मी काय सांगू?"

"सांगा, पेंटरनं काम बिघडवलं."

अक्षरं राहतील, चेहरा जाईल, असं ठरलं. तिथं दुसऱ्याकडून वाघ काढून घेणार म्हणे. काढोत. इथं वाघाची कमी नाही.

६ एप्रिल

झालं.

सकाळीच गेलो. अब्बांना परांचीवर चढवताना लटारूभाऊचा आणि माझा घाम निघाला, पण वर पोचल्यावर त्यांचे पाय माझ्यापेक्षा घट्ट होते. लोखंडी पट्टी मागितली. मी म्हटलं, तुम्ही नुसते बसा. ऐकलं नाही. खाली चादर अंथरायला लावली. "एक पापुद्रा भुईवर पडू द्याचा नाई," म्हणाले.

ओठांपासून त्यांनीच सुरुवात केली. डाव्या हाताच्या बोटांनी चाचपत जायचे आणि उजव्या हातानं खरवडत. भिंतीवर हात एकदाही कापला नाही. मला डोळे दिले. मी केलेला डोळा मीच काढला, आधी माझा रंग, मग त्याखालचा त्यांचा. त्यांचा निघता निघेना. नाकातोंडावर फडकं बांधलं होतं, त्यामुळं अब्बा रडत होते की श्वास लागत होता ते कळलं नाही. मी स्वतः रडत होतो, हे मात्र नक्की. का, ते विचारू नये. जिला मी कधी पाहिलं नाही तिचा डोळा काढताना हात इतका जड होतो हे मला माहीत नव्हतं.

कानातल्याचा पिवळा ठिपका शेवटी राहिला. तो अब्बांनी पट्टीनं काढला नाही, नखानं काढला.

लटारूभाऊ दिवसभर चादरीशी बसून होता. त्या सावलीत बसलेला मी त्याला पहिल्यांदाच पाहिला.

पापुद्र्यांचं गाठोडं ओंजळीत मावेल एवढं झालं. संध्याकाळी लालसूला फोन केला. विचारलं, मुडदा नाही, पण हे चालेल का? त्यानं बुधरीबाईला विचारलं. मग लालसू म्हणाला, "माय म्हन्ते, आना."

११ एप्रिल

ईद. शीरखुर्मा गोड झाला होता. अब्बांनी दोनदा घेतला.

१९ एप्रिल

काल जाऊन आलो. आज दिवसभर दुकान उघडलं नाही.

मी आणि अब्बा जाणार होतो. निघताना अम्मी नवी ओढणी घेऊन दारात तयार. म्हटलं, एवढ्या उन्हात, एवढ्या लांब तू कशाला? मोहल्ल्यात काय सांगायचं, कुठं गेलो होतो? ती म्हणाली, "सांगजो, माहेरी गेलती," आणि गाडीत पुढच्या सीटवर बसली. तिचं माहेर राजुऱ्याला आहे, नेमकं उलट्या दिशेला.

एटापल्लीच्या पुढं कच्च्या रस्त्यानं आत गेलो. मोहफुलं वेचून घराघरांपुढं वाळत घातलेली, सगळ्या गावाला तोच वास. गावाबाहेर झाडांखाली दगड उभे आहेत, लहान-मोठे, कुणाकुणाचे. एका जागी नवा खड्डा काढून ठेवला होता आणि शेजारी दगड आडवा. अब्बांनी गाठोडं छातीशी धरलं होतं, ते बुधरीबाईच्या हातात दिलं. तिनं उघडून पाहिलं. लाल, काळे, पांढरे कपटे. त्यातला एक तिनं गालाला लावला. मग गाठ मारून गाठोडं खड्ड्यात ठेवलं, आणि पुरुषांनी त्यावर दगड उभा केला.

लालसूनं समजावलं, आता एकेकानं दगडाशी तांदूळ ठेवायचे, आणि आपण मेलेल्याचं कोण ते मोठ्यानं सांगायचं. म्हणजे तिला कळतं, कोण कोण आलंय.

बुधरीबाईनं पहिल्यांदा ठेवले. मग लालसूनं. मग गावातली कोण कोण, चुलत, मावस, मैत्रीण. मग बुधरीबाईनं अब्बांच्या मुठीत तांदूळ दिले.

अब्बा उभेच राहिले. मुठीतून तांदूळ एक एक खाली गळत होते. सगळं गाव त्यांच्याकडं बघत होतं. मला वाटलं, पेंटर म्हणा ना अब्बा, कारखान्यातले सोबती म्हणा. मी पुढं व्हायला लागलो.

माझ्या आधी अम्मी गेली. रस्ता ओलांडताना धरते तसं तिनं त्यांचं कोपर धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे तिच्या घरचे हायेत. तिचा मानूस."

अब्बा खाली बसले. उरलेले तांदूळ दगडाशी ठेवले आणि तिथंच कपाळ टेकवून राहिले.

मला सगळं तेव्हा कळलं. इतके दिवस रोज लिहूनही कळलं नव्हतं. आरशातला डोळा कुणाचा ते कळलं नाही, 'थंडीत' म्हणजे लग्न हे कळलं नाही, आणि अम्मीचं ते 'तशीच हाये का' तर मुळीच नाही.

बुधरीबाईनं अम्मीकडं पाहिलं. सुपातून मूठभर तांदूळ घेतले आणि तिच्यापुढं धरले. "अन् तू कोन?"

अम्मीनं ओढणी डोक्यावरून सारखी केली. "मी सवत," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. बुधरीबाईनं तिची ओंजळ स्वतःच्या हातांनी उघडून तीत तांदूळ ओतले, आणि दोघी एकदमच खाली वाकल्या. अम्मी तांदूळ ठेवताना पुटपुटली ते मला ऐकू आलं. "जा आता, बाई. लय दिस उभी राह्यली."

मग बुधरीबाई माझ्याकडं वळली. मी हात पुढं केला तेव्हा माझ्या नखांत अजून तिच्या बहिणीचा काळा रंग होता. तिनं विचारलं. मी अम्मीकडं पाहिलं, अम्मीनं मान खाली-वर केली.

"मुलगा," मी म्हणालो, आणि तांदूळ ठेवले.